जामीन कोण राहणार?

मराठीत ‘जामीन’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो. आरोपीला न्यायालयाकडून मिळते ती सुटका म्हणजे जामीन आणि त्या सुटकेसाठी जो माणूस हमी देतो तोही जामीन. ‘त्याला जामीन मिळाला’ असे म्हणतात, तसेच ‘मी त्याला जामीन राहिलो’ असेही म्हणतात. दुसरा वापर जुना आहे. तुरुंगाच्या भिंतीऐवजी एका माणसाचा शब्द आरोपीला बांधून ठेवतो, ही कल्पना त्यात आहे. आजच्या फौजदारी कायद्यातला जामीनही याच कल्पनेवर उभा आहे. तिथे लिहिली जाणारी रक्कम हे त्या शब्दाचे माप असते.

हा शब्द अरबी ‘झामिन’वरून आला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत त्याचे अनेक प्रकार दिसतात. माणसाला ठरल्या वेळी हजर करण्याची हमी घेणारा तो हाजीरजामीन, देण्याच्या रकमेची हमी घेणारा तो मालजामीन आणि पुढच्या वागणुकीची हमी घेणारा तो फैलजामीन. वतनाचा किंवा हद्दीचा वाद गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या न्यायसभेपुढे, आला की निवाडा मान्य करू, त्याप्रमाणे वागू, यासाठी वादी-प्रतिवादींकडून आधी जामीन घेतले जात. त्या लेखाला जामीनकतबा म्हणत.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथल्या न्यायालयांचा कारभार उर्दूत चाले. नांदेड, भोकर, लातूर या भागातील वयस्क माणसांच्या बोलण्यात ‘जमानत’ आणि ‘मुचलका’ हे शब्द टिकले, ते त्यामुळेच. मुचलका हा मूळ तुर्की शब्द. स्वतःच स्वतःची लेखी हमी देणे म्हणजे मुचलका. आज महाराष्ट्रातील न्यायालयांचे मराठी आदेश ‘जातमुचलका’ हाच शब्द वापरतात. वकील मंडळी त्याला ‘पीआर बाँड’ म्हणतात.

जामीनपात्र आणि अजामीनपात्र

१ जुलै २०२४ पासून देशात १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जामिनाचे मुख्य नियम तिच्या कलम ४७८ ते ४९६ मध्ये आहेत. जुन्या संहितेतील कलम ४३६ ते ४५० यांचीच ती बहुतांशी नवी मांडणी आहे. नव्या संहितेने एक स्पष्टता आणली. जामीनदारासह दिलेली हमी म्हणजे जामीनपत्र आणि जामीनदाराशिवाय, फक्त स्वतःची दिलेली हमी म्हणजे बंधपत्र, अशा दोन वेगळ्या व्याख्या तिने दिल्या.

गुन्हे दोन प्रकारचे असतात. साधी मारहाण, निष्काळजीपणे वाहन चालवून इजा करणे यांसारखे गुन्हे जामीनपात्र आहेत. त्यांत जामीन हा आरोपीचा हक्क असतो. तो पोलीस ठाण्यातच मिळू शकतो आणि लोक त्याला ‘टेबल जामीन’ म्हणतात. ठाणे अंमलदाराने कागद लिहून घ्यायचे आणि माणूस सोडायचा. नाही म्हणण्याचा अधिकार त्याला नाही.

खून, दरोडा, बलात्कार यांसारखे गुन्हे अजामीनपात्र. या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे. तो हक्काने मागता येत नाही, न्यायालय विचार करून देते, एवढाच त्याचा अर्थ. आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, पुरावा नष्ट करेल का आणि आरोप किती गंभीर आहे, हे न्यायाधीश पाहतात. स्त्री, अल्पवयीन, आजारी किंवा अशक्त आरोपीच्या बाबतीत कायदा अधिक मोकळीक देतो. अमली पदार्थ, बेकायदा कृत्ये प्रतिबंध, मनी लाँडरिंग आणि महाराष्ट्राचा मोक्का या खास कायद्यांत मात्र जामिनाच्या अटी फार कडक आहेत.

भोकरसारख्या तालुक्याच्या गावी अटक झालेला माणूस चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभा करावा लागतो. ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ची अट आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्यात दंडाधिकारी सहसा जामीन देऊ शकत नाहीत. तेव्हा अर्ज सत्र न्यायालयात जातो. तिथे नाकारला गेला तर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे या खंडपीठाच्या हद्दीत येतात. अटक होण्याआधीच भीती वाटत असेल तर अटकपूर्व जामिनासाठी थेट सत्र किंवा उच्च न्यायालयात जावे लागते.

आणखी एक वाट कालमर्यादेची आहे. पोलिसांनी ठरावीक मुदतीत दोषारोपपत्र दाखल केले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ही मुदत मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवस आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवस आहे. तपास लांबवून माणसाला आत ठेवता येऊ नये म्हणून ही तरतूद आहे.

मंजूर झाला, पण सुटका नाही

जामीन मंजूर होणे आणि माणूस घरी येणे यांत अंतर असते. न्यायालयाचा आदेश साधारण असा असतो: आरोपीस पंधरा हजार रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार दिल्यावर सोडावे. गावाकडचे नातेवाईक हे वाक्य ऐकतात आणि पंधरा हजार रुपये भरायचे आहेत असे समजून सावकाराकडे धाव घेतात. प्रत्यक्षात या आदेशानुसार त्या दिवशी न्यायालयात एक रुपयाही भरायचा नसतो. आरोपी लिहून देतो की, तारखेला हजर राहिलो नाही तर मी पंधरा हजार रुपये सरकारला देणे लागेन. जामीनदार लिहून देतो की, हा हजर राहिला नाही तर तेवढी रक्कम मी देणे लागेन. पैसा फक्त वचनभंग झाल्यावर मोजायचा असतो.

ही रचना मराठवाड्यातल्या माणसाला पतसंस्थेच्या कर्जावरून चटकन समजते. कर्ज घेणारा एक, त्याच्या मागे सही करणारे दोन जामीनदार. पण दोन्हींत मोठा फरक आहे. पतसंस्थेचा जामीनदार पैशाची हमी देतो, म्हणजे तो जुना मालजामीन झाला. न्यायालयातला जामीनदार माणसाची हमी देतो, तो हाजीरजामीन. आरोपीला शिक्षा झाली, दंड झाला किंवा फिर्यादीला नुकसानभरपाई द्यायचे ठरले, तरी जामीनदाराच्या खिशाला हात लागत नाही. आरोपी दोषी ठरतो की निर्दोष, याच्याशी त्याच्या हमीचा काही संबंध नसतो.

जामीनदार लगेच मिळत नसेल तर महाराष्ट्रातील न्यायालयांत रोख जामिनाची वाट आहे. संहितेच्या कलम ४९० नुसार बंधपत्राऐवजी न्यायालय ठरवील तेवढी रोख रक्कम किंवा सरकारी रोखे ठेवून घेता येतात. पुष्कळदा न्यायाधीश ‘तात्पुरता रोख जामीन’ देतात. म्हणजे ठरावीक रक्कम भरून आज सुटायचे आणि काही आठवड्यांत जामीनदार आणून द्यायचा. दूरच्या गावातून, सुगीच्या दिवसांत पकडल्या गेलेल्या माणसाला याचा मोठा आधार होतो. चांगल्या वर्तणुकीच्या हमीला मात्र ही सवलत नाही. तिथे पैसे ठेवून मोकळे होता येत नाही.

ही वर्तणुकीची हमी म्हणजे जुन्या फैलजामिनाचा आजचा वंशज. निवडणुका किंवा सण जवळ आले की पोलीस ठाण्यातून काही जणांवर ‘चॅप्टर केस’ पाठवली जाते. तिची सुनावणी न्यायाधीशापुढे होत नाही. ती तहसीलदार किंवा अन्य कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे होते. तिथे गुन्हा सिद्ध करायचा नसतो. पुढे शांतता राखू, असे लिहून घ्यायचे असते. अशा माणसाला ‘मला जामीन मिळाला’ असे वाटते, पण तो फौजदारी खटल्यातला जामीन नव्हे.

सातबारा, ऐपत आणि सही

जामीनदार कोण होऊ शकतो? कायद्यात नात्याची, जातीची किंवा गावाची अट नाही. तो सज्ञान असावा, त्याची ओळख पटावी आणि हमीच्या रकमेइतकी त्याची ऐपत असावी, एवढे न्यायालय पाहते. ऐपत दाखवण्याचे साधन माणसागणिक बदलते. शेतकरी सातबारा आणि आठ-अ उतारा आणतो. घर असलेला माणूस ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती देतो. नोकरदार पगारपत्रक आणि कार्यालयाचे ओळखपत्र दाखवतो. सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड, छायाचित्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. रक्कम मोठी असेल तर तहसील कार्यालयाचा ऐपतीचा दाखला मागितला जातो. तो सेतू केंद्रातून अर्ज करून मिळतो. तलाठ्याचा अहवाल, मग तहसीलदारांची सही, असा त्याचा प्रवास असतो.

जामीनदार शपथपत्र करून देतो. त्यात कलम ४८६ नुसार एक गोष्ट न चुकता लिहावी लागते: यापूर्वी आपण किती आरोपींना जामीन राहिलो आहोत आणि त्यांचा तपशील काय. एकाच सातबाऱ्यावर दहा जणांची हमी घेतली जाऊ नये म्हणून ही अट २००५ च्या दुरुस्तीने जुन्या संहितेत आली. न्यायाधीश किंवा त्यांचे कर्मचारी जामीनदाराला दोन-चार प्रश्न विचारतात. आरोपीला किती वर्षांपासून ओळखता, तो राहतो कुठे, तारखेला आला नाही तर काय होईल हे माहीत आहे का? गरज वाटली तर पोलिसांकडून पडताळणी होते. समाधान झाले की जामीनदाराची सही होते.

त्यानंतर सुटकेचा आदेश तुरुंगाकडे जातो. इथे भूगोल आडवा येतो. भोकरचा आरोपी न्यायालयीन कोठडीत असेल तर तो बहुधा सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या नांदेडच्या तुरुंगात असतो. भोकरला दुपारी उशिरा कागद पूर्ण झाले आणि आदेश पोहोचेपर्यंत संध्याकाळची मोजदाद होऊन बराकी बंद झाल्या, तर आणखी एक रात्र आतच काढावी लागते. हा विलंब टाळण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सांगितले की, जामीन मंजूर झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आदेशाची प्रत ई-मेलने तुरुंग अधीक्षकामार्फत कैद्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

वचन मोडले तर

सुटल्यावर आरोपीला तारखांना हजर राहावे लागते. काही आदेशांत पोलीस ठाण्यात हजेरी लावणे, पासपोर्ट जमा करणे किंवा साक्षीदारांच्या गावी न जाणे अशा अटी असतात. आरोपी एखाद्या तारखेला आला नाही आणि वकिलानेही कारण सांगितले नाही, तर न्यायालय वॉरंट काढते आणि बंधपत्र जप्त झाल्याचे नोंदवते. मग जामीनदाराच्या दारात नोटीस येते: रक्कम भरा किंवा का भरू नये ते सांगा.

नोटीस आली म्हणजे लगेच जप्ती आली असे नाही. जामीनदाराने न्यायालयात जाऊन म्हणणे मांडायचे असते. आरोपी आजारी होता, अपघात झाला, दुसऱ्या प्रकरणात अटकेत होता, किंवा जामीनदाराने त्याला शोधून आणले, अशी कारणे दाखवली तर न्यायालय कारणे नोंदवून रक्कम कमी करू शकते. पण नोटिशीकडे दुर्लक्ष केले तर ती रक्कम दंडासारखी वसूल होते. न्यायालय जिल्हाधिकाऱ्याकडे वॉरंट पाठवू शकते आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होते. ज्या सातबाऱ्याने ऐपत दाखवली, तोच सातबारा मग वसुलीच्या कामाला येतो. रक्कम वसूल झालीच नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूदही कलम ४९१ मध्ये आहे. आरोपीवर तर वेगळाच गुन्हा नोंदवता येतो. जामिनावर सुटून पुरेशा कारणाविना हजर न राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ नुसार एक वर्षापर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

जामीनदाराला आपल्या हमीतून बाहेर पडता येते. आरोपीची लक्षणे ठीक दिसत नसतील, तो गाव सोडून जाण्याच्या तयारीत असेल, तर कलम ४८९ नुसार न्यायालयात अर्ज करून मोकळीक मागता येते. न्यायालय आरोपीला बोलावते, जामीनदाराला मुक्त करते आणि आरोपीने दुसरा जामीनदार आणावा असे सांगते. तो मिळाला नाही तर आरोपी पुन्हा आत जातो. बंधपत्र जप्त होण्याआधी जामीनदाराचा मृत्यू झाला तर त्याच्या वारसांवर किंवा मालमत्तेवर भार राहत नाही.

जामिनाचा धंदा

अमेरिकेत हे काम करणारा व्यावसायिक वर्गच आहे. न्यायालय दहा हजार डॉलरचा जामीन ठरवते, आरोपीकडे तेवढे पैसे नसतात. तो न्यायालयाजवळच्या दुकानात जातो. जामीन एजंट साधारण दहा टक्के, म्हणजे एक हजार डॉलर फी घेतो आणि पूर्ण रकमेची हमी न्यायालयाला देतो. त्याच्या मागे विमा कंपनी असते. आरोपी सगळ्या तारखांना हजर राहिला, निर्दोष सुटला, तरी ते हजार डॉलर परत मिळत नाहीत. आरोपी पळाला तर एजंट त्याला शोधायला माणसे धाडतो. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १८७२ च्या एका निकालात जामीनदाराचा आरोपीला पकडून आणण्याचा अधिकार मान्य केला होता आणि पलायन केलेल्यांना पैशासाठी शोधून आणणाऱ्यांचा व्यवसाय त्यावर उभा राहिला. अमेरिका आणि फिलिपिन्स सोडता जगात असा खुला व्यवसाय जवळपास कुठेच नाही. अमेरिकेतही केंटकी, इलिनॉय, ओरेगॉन, विस्कॉन्सिन ही राज्ये त्यापासून दूर झाली. इलिनॉयने सप्टेंबर २०२३ मध्ये पैशावर आधारित जामीनच रद्द केला.

भारताने दुसरी वाट धरली. इथे जामीन एजंटाला परवाना नाही आणि फी घेऊन जामीन राहण्याला कायद्याची मान्यता नाही. याचे कारण जामिनाच्या मूळ कल्पनेत आहे. स्वतःचे नुकसान होईल या भीतीने जामीनदार आरोपीवर लक्ष ठेवील, असे कायदा धरून चालतो. ‘तू जामीन राहा, पैसे गेले तर मी भरून देईन’ असा करार आरोपीने केला, तर जामीनदाराची भीतीच संपते आणि हमी पोकळ होते. म्हणून असा करार १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २३ नुसार सार्वजनिक धोरणाविरुद्ध व निरर्थक मानला जातो. इंग्लंडमध्ये तर १९७६ च्या कायद्याने तो गुन्हाच ठरवला आहे. भारतीय जामीनदाराला आरोपीला स्वतः पकडून बांधून आणण्याचा अधिकारही नाही. त्याने न्यायालयाला कळवायचे, पकडण्याचे काम पोलिसांचे.

तरीही धंदा आहेच, फक्त दुकानाची पाटी नाही. राज्यातील मोठ्या शहरांत न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारी माणसे आणि त्यांना गाठून देणारे दलाल असतात. त्यांतले काही बनावट सातबारे, खोटी रेशन कार्डे आणि बोगस शिक्के वापरतात आणि पोलिसांनी अशा टोळ्या वेळोवेळी पकडल्याही आहेत. यात नुकसान सगळ्यांचे होते. आरोपी पळाला तर जामीनदाराच्या पत्त्यावर कोणी सापडत नाही. कागद खोटे निघाले तर आरोपीचा जामीन धोक्यात येतो आणि कधी त्याच्या कुटुंबावर फसवणुकीचा नवा गुन्हा दाखल होतो.

भाड्याचा जामीनदार का लागतो, याचे उत्तर आदेशातच शोधावे लागते. गावातल्या माणसाला ओळखणारे पुष्कळ असतात. पण ओळखणाऱ्याच्या नावावर जमीन असेलच असे नाही. भूमिहीन शेतमजुराचा भाऊही भूमिहीन असतो. शेजारीही बहुतेक वेळा तसाच असतो. न्यायालयाने मालमत्तेवर भर दिला की ओळखीचा माणूस बाद होतो आणि मालमत्तेचा कागद बाळगणारा अनोळखी माणूस पैसे घेऊन पुढे येतो. हा दोष जुनाच आहे. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील गुजरातच्या कायदा साहाय्य समितीने १९७१ मध्येच तो दाखवून दिला होता: पैशाच्या जामिनामुळे गरीब एक तर दलाल आणि व्यावसायिक जामीनदारांच्या हाती सापडतो, नाहीतर तुरुंगात राहतो.

परजिल्ह्यातला जामीनदार

१९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण आले. त्याला सर्वोच्च न्यायालयानेच जामीन दिला होता. पण खालच्या न्यायालयाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाला नाकारले. कारण, भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी हे कारण फेटाळले. आपल्याच देशात माणूस परका ठरत नाही, असे सांगून त्यांनी मोतीरामला एक हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्याचा आदेश दिला.

भोकरच्या दृष्टीने या निकालाचे मोल मोठे आहे. हा तालुका तेलंगणाच्या सीमेवर आहे. इथली माणसे कामासाठी भैंसा, निर्मल, निजामाबाद आणि हैदराबादला जातात. तिथे एखाद्या मजुराला अटक झाली आणि ‘स्थानिक’ जामीनदारच हवा असा आग्रह धरला गेला, तर भोकरच्या भावाचा सातबारा निरुपयोगी ठरतो आणि त्या परक्या गावात पैसे घेऊन जामीन राहणाऱ्याशिवाय पर्याय उरत नाही. तेलंगणातून इकडे आलेल्या मजुराचीही गत तीच. २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुचवले की, स्थानिक जामीनदाराची अट सुटकेला विलंब लावते, म्हणून ती घालू नये.

२२ ऑगस्ट २०२४ च्या गिरीश गांधी प्रकरणात आणखी एक पाऊल पडले. आरोपीवर सहा राज्यांत तेरा गुन्हे होते, तेराही प्रकरणांत जामीन मिळाला होता, पण प्रत्येक ठिकाणी वेगळे जामीनदार देणे त्याला शक्य नव्हते. न्यायालयाने तेच दोन जामीनदार अनेक प्रकरणांत चालतील असा मार्ग काढला. माणसाला जामीन राहणारे नातेवाईक आणि मित्र मोजकेच असतात, हे वास्तव त्या निकालात मान्य केले गेले.

ज्याला जामीन राहणारा कोणी नाही

१९७९ मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये के. एफ. रुस्तमजी यांचे लेख आले. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले रुस्तमजी हे सीमा सुरक्षा दलाचे पहिले महासंचालक होते. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खटल्याविना पडलेल्या कैद्यांची हकिगत त्यांनी लिहिली. त्यावरून हुसेनआरा खातून खटला उभा राहिला. आरोपीची समाजात मुळे घट्ट असतील, म्हणजे घर, कुटुंब, रोजगार, गावातले वास्तव्य असेल, तर त्याला स्वतःच्या बंधपत्रावर सोडता येते, असे न्यायमूर्ती भगवती यांनी त्यात सांगितले.

आज कायद्यात त्यासाठी ठोस तरतुदी आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात अटक झाल्यापासून एका आठवड्यात जो जामीनदार देऊ शकत नाही, तो गरीब आहे असे समजून त्याला जामीनदाराशिवाय सोडावे लागते. हमीची रक्कम परिस्थिती पाहून ठरवावी, ती अवाजवी नसावी, असे कलम ४८४ सांगते. ती जास्त वाटली तर सत्र किंवा उच्च न्यायालयाकडून कमी करून घेता येते. ज्याच्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप नाही असा कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत राहिला, तर कलम ४७९ नुसार जामिनाला पात्र ठरतो. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याला एक तृतीयांश काळ पुरतो. असा अर्ज न्यायालयाकडे पाठवण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असतील तर मात्र या कलमाचा लाभ मिळत नाही.

जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे असते. प्राधिकरणाचा माणूस कैद्याला भेटून अडचण समजून घेतो. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकते. केंद्र सरकारच्या २०२३ च्या गरीब कैदी साहाय्य योजनेत जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते. खास कायद्यांखालील काही गंभीर गुन्ह्यांना ती लागू नाही.

अडचण किती मोठी आहे, हे आकड्यांवरून दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ म्हणजे ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. त्यांच्यावरचे आरोप अजून सिद्ध व्हायचे होते. त्यांतील सगळेच जामिनाअभावी आत नव्हते. पण जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून अडकलेले त्यांत आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार नोंदवले आहे.

हमी केव्हा संपते

जामीनदाराची जबाबदारी खटल्याच्या निकालाबरोबर संपते. निकालाआधी आरोपीकडून आणखी एक हमी घेतली जाते. अपील झाले तर वरच्या न्यायालयापुढे हजर राहीन, अशी ती असते आणि सहा महिने टिकते. ती मुदत उलटली की तोही धागा सुटतो. रोख जामीन भरला असेल तर पावती जोडून अर्ज करावा लागतो. रक्कम आपोआप घरी येत नाही. पावती हरवते, वर्षे जातात आणि भरलेले पैसे न्यायालयातच पडून राहतात. म्हणून पावतीची प्रत घरात जपून ठेवावी आणि निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज द्यावा.

जामीन राहण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: बंधपत्रावर लिहिलेली रक्कम, खटल्याची पुढची तारीख आणि आरोपीचा खरा पत्ता. दलालाला पैसे देऊन अनोळखी जामीनदार आणू नये. जामीनदार मिळत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. कोठडीतील प्रत्येक माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने दिला आहे. देशभर चालणारा मदत क्रमांक १५१०० आहे.